काढलेल्या दातांचे निर्जंतुकीकरण

काढलेल्या दातांचे निर्जंतुकीकरण : रोग, अपघात किंवा उपचाराची सोय यांपैकी कोणत्याही कारणाने रुग्णाच्या तोंडातून काढलेला दात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यास सरावासाठी देण्यापूर्वी त्याच्या पृष्ठभागावरील व अंतर्भागातील सर्व सूक्ष्मजीव नष्ट करण्याची आणि दाताचे नैसर्गिक गुणधर्म शक्य तितके राखून तो साठवण्याची प्रक्रिया. दात संकलित करणे, स्वच्छ करणे, निवडणे, निर्जंतुक करणे, साठवणे, वापरणे व शेवटी त्याची विल्हेवाट लावणे असे या प्रक्रियेचे क्रमवार टप्पे आहेत. यांतील एकही टप्पा गाळल्यास पुढील टप्प्यांचा उपयोग बव्हंशी वाया जातो.

दंतवैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष रुग्णावर उपचार करण्याची अनुज्ञा मिळण्यापूर्वी विद्यार्थ्यास प्रयोगशाळेत दीर्घकाळ सराव करावा लागतो. दातांची बाह्यरचना ओळखणे, किडलेला भाग कोरून काढणे, पोकळीस योग्य आकार देऊन ती भरणे, मुळातील नलिका साफ करून बुजविणे, दातावर टोपी बसविण्यासाठी तो घासणे ही कौशल्ये पुस्तकावरून येत नाहीत. त्यांसाठी हाताला खऱ्या दाताची सवय व्हावी लागते. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातील नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय व संशोधन केंद्र आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात व कराड येथेही दंत महाविद्यालये आहेत. त्यामुळे पंचगंगा, वारणा व कृष्णा नद्यांच्या या टापूत दंतवैद्यकाचे विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात आणि त्यांना लागणारे दात मुख्यत्वे महाविद्यालयांची रुग्णालये व परिसरातील खाजगी दवाखाने यांतूनच मिळतात. विद्यार्थी आपल्या ओळखीच्या दवाखान्यातून बाटलीभर दात गोळा करून आणतो, ही पद्धत जुनी व सर्वपरिचित आहे. बाटलीतील दात कोणाचे, किती दिवसांचे व कशात बुडविलेले आहेत, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. धोक्याचे मूळ या अज्ञानातच आहे.

इतिहास : मानवी दातांचा संग्रह करण्यामागील हेतू काळानुसार बदलत गेले. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत यूरोपमध्ये मृतांचे दात काढून ते कवळ्यांत बसविण्याचा व्यापार चाले. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरील सैनिकांचे दात मोठ्या प्रमाणावर विकले गेल्यामुळे अशा दातांना ‘वॉटर्लूचे दात’ असेच नाव पडले. चिनी मातीचे व पुढे व्हल्कनाइट रबराच्या बैठकीवर बसविलेले कृत्रिम दात प्रचारात आल्यावर हा व्यापार संपुष्टात आला. याच सुमारास दंतवैद्यकाला शास्त्रीय शिक्षणाचे स्वरूप येऊ लागले. अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक (१८३६–१९१५) यांनी काढलेल्या दातांचा सूक्ष्म अभ्यास करून दातांची रचना व किडीने होणाऱ्या पोकळ्या यांची पद्धतशीर मांडणी केली. १८९४ मध्ये ऑझ्वल्ड फर्गस यांनी धातूच्या दांडीवर जबडे बसवून सरावासाठी कृत्रिम डोके तयार केले. या दोन्ही गोष्टींमुळे खऱ्या दातावर सराव करून मगच रुग्णाकडे जावयाचे, हा शिक्षणक्रम रूढ झाला.

भारतात रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे पहिले दंत महाविद्यालय स्थापन केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. दंतवैद्य अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला व त्यानुसार पुढील वर्षी भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. नंतर २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत झाला. १९८० पर्यंत काढलेले दात केवळ धुऊन, उकळून किंवा स्पिरिटमध्ये ठेवून वापरले जात व त्याविषयी फारसा विचार होत नसे. यकृतशोथ–बी या रोगाचा दंतवैद्यांमधील प्रसार व त्यापाठोपाठ १९८१ नंतर एड्स या रोगाचा झालेला उलगडा यांमुळे ही परिस्थिती पालटली. १९९० च्या सुमारास काढलेल्या दातांच्या निर्जंतुकीकरणाविषयी स्वतंत्र प्रयोग होऊ लागले. अमेरिकेतील रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी दंतोपचारांतील संसर्ग टाळण्यासाठी २००३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत काढलेल्या दातांसाठी वेगळा विभाग आहे. जगातील बहुतेक दंत महाविद्यालयांची कार्यपद्धती त्यावर आधारलेली आहे.

दाताची रचना व संसर्गाचा धोका : दात बाहेरून दगडासारखा घट्ट दिसला, तरी तो सच्छिद्र आहे. त्याच्या वरील भागावर दंतवल्काचे, म्हणजेच एनॅमलचे कवच असते. त्यात वजनाने सु. ९६ टक्के खनिज द्रव्य असते. त्याखालील दंतिनात खनिज सु. ७० टक्के, कार्बनी द्रव्य सु. २० टक्के व उरलेले पाणी असते. दंतिनात मगजापासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. त्यांचा व्यास सु. १ ते २·५ मायक्रॉन असून मगजाजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या ४५,००० किंवा त्याहून अधिक भरते. दंतक्षयास कारण होणारे जंतू या नलिकांत सहज शिरतात. मध्यभागातील मगजात रक्तवाहिन्या व तंत्रिका असतात. दात काढल्यावर मगजातील रक्त तेथेच राहते. मुळाच्या टोकावरील छिद्र अतिशय अरुंद असल्यामुळे बाहेरचे जंतुनाशक द्रव तेथपर्यंत सहजासहजी पोहोचत नाहीत. एखादे हत्यार जंतुनाशकात बुडविले असता त्याचा पृष्ठभाग निर्जंतुक होतो व तेवढे पुरते. दाताच्या बाबतीत तेवढे पुरत नाही, याचे कारण ही अंतर्रचना होय. [⟶ दात].

विद्यार्थी दात कोरू लागला म्हणजे वेगाने फिरणाऱ्या कोरणीमुळे दंतिनाची भुकटी व पाण्याचे तुषार उडतात आणि मगजाची पोकळी उघडी पडते. निर्जंतुक न केलेल्या दातातील रक्त व जंतू अशा रीतीने श्वासमार्गात, डोळ्यांत किंवा कातडीवरील जखमेत जाऊ शकतात. नवशिक्या हाताकडून हत्यार निसटून बोटाला इजा होण्याचा संभव अधिक असतो. रक्ताने दूषित सुई टोचल्यावर रोग जडण्याची शक्यता एचआयव्हीच्या बाबतीत सु. ०·३ टक्का, यकृतशोथ–सीच्या बाबतीत सु. १·८ टक्के, तर लस न घेतलेल्या व्यक्तीत यकृतशोथ–बीच्या बाबतीत ६ ते ३० टक्के मानली जाते. यकृतशोथ–बीचा व्हायरस वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो. म्हणून दात वाळला की तो निर्धोक झाला, हा समज चुकीचा आहे. काविळीचे सर्व प्रकार एकाच मार्गाने पसरतात, असाही गैरसमज आढळतो. इचलकरंजी येथे २०१२ मध्ये पसरलेली काविळीची साथ दूषित पाण्यातून येणाऱ्या यकृतशोथ–ई या प्रकाराची होती. दातांच्या संदर्भात ज्यांची भीती बाळगावयाची, ते बी व सी हे प्रकार रक्तातून पसरतात. पाणी उकळून पिण्याने त्यांपासून संरक्षण मिळत नाही. यकृतशोथ–बी प्रतिबंधक लशीच्या तीन मात्रा (पहिली, एक महिन्याने दुसरी व सहा महिन्यांनी तिसरी) विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्यापूर्वी घेणे इष्ट असते. सी प्रकारावर व एचआयव्हीवर लस उपलब्ध नाही.

संमती व संकलन : काढलेला दात हा रुग्णाच्या शरीराचा भाग असतो. दुधाचा दात पडला की तो कौलांवर टाकण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे व स्वतःचा दात घरी नेण्याची इच्छा काही रुग्ण व्यक्त करतात. मागणी केल्यास तो स्वच्छ करून परत देण्यास हरकत नसते. शिक्षणासाठी दात ठेवून घ्यावयाचा असल्यास रुग्णाला तसे त्याच्या भाषेत सांगून त्याची संमती घ्यावी व ती नोंदवावी. रुग्ण अज्ञान असल्यास पालकांची संमती घ्यावी लागते. ही बाब महत्त्वाची आहे, कारण सरावासाठी सर्वांत उपयुक्त असे निरोगी दात बहुतांशी वेड्यावाकड्या दातांच्या उपचारात किशोरवयीन मुलामुलींच्या काढलेल्या उपदाढांच्या रूपाने मिळतात. दाढा प्रायः कीड लागून पोखरल्यानंतरच काढल्या जात असल्यामुळे अभंग दाढ दुर्मिळ असते. हिरड्यांच्या विकाराने सैल होऊन काढलेल्या दातांचा वरचा भाग बरेचदा शाबूत असतो. तथापि त्यांच्या मुळांवर किटण व दाहयुक्त ऊतक मोठ्या प्रमाणात असते. दातावर किंवा त्याच्या डबीवर रुग्णाचे नाव लिहू नये. दाताचा प्रकार, संकलनाचा दिनांक, कशात ठेवला आहे ते व निर्जंतुक केले आहे की नाही एवढीच नोंद पुरे. संशोधनासाठी दात वापरावयाचा असल्यास संस्थेच्या नीतिविषयक समितीची मान्यताही आवश्यक असते.

दात काढल्याबरोबर तो वाहत्या पाण्याखाली धरून रक्त धुऊन टाकावे. नंतर तो घट्ट झाकणाच्या, न फुटणाऱ्या व न गळणाऱ्या रुंद तोंडाच्या बाटलीत द्रवात बुडवून ठेवावा. बाटलीवर जैविक धोक्याचे चिन्ह असावे. या प्राथमिक अवस्थेसाठी कपडे धुण्याच्या क्लोरिनयुक्त विरंजक द्रवाचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग असे मिश्रण वापरतात. त्यात सोडियम हायपोक्लोराइटाचे प्रमाण सु. ०·५ टक्का येते. हे मिश्रण हवेत व उन्हात निष्प्रभ होत असल्यामुळे ते रोज नवीन करावे लागते. त्यात दात आठवडेच्या आठवडे ठेवू नये. हायपोक्लोराइट कार्बनी द्रव्य विरघळवीत असल्यामुळे दंतिन दुर्बल होते. वाहतुकीपुरते निर्जंतुकीकरण झाले, एवढाच त्याचा अर्थ घ्यावयाचा. दात कोरडा ठेवणे सर्वांत वाईट. कोल्हापुरातील एप्रिल–मे महिन्यांच्या उष्म्यात असा दात थोड्याच दिवसांत ठिसूळ होतो व त्याला उभ्या चिरा पडतात. कोरताना तो फुटतो. शिवाय वाळलेले रक्त काढणे अवघड जाते.

स्वच्छता व निवड : प्राथमिक जंतुनाशनानंतर दातावरील हिरडीचे तुकडे, मुळाभोवतालचे ऊतक व किटण काढतात. किटण म्हणजे लाळेतील क्षार साचून दगडी बनलेला थर. त्याच्या पोटात जंतू सुरक्षित राहतात, म्हणून तो काढल्याशिवाय पुढील प्रक्रिया विश्वसनीय ठरत नाही. या कामासाठी जाड रबरी हातमोजे, मुखपट्टी व चष्मा आवश्यक असतात. दात उघड्या बोटांत न धरता चिमट्यात धरावा. ब्रशने घासताना तो पाण्याखाली बुडवून घासल्यास तुषार उडत नाहीत. तंबाखू व मिश्री यांमुळे आलेले काळसर डाग केवळ रंगाचे असल्यास ते राहू दिले तरी चालते.

यानंतर दातांचे दोन गट पाडतात. ज्यांत पारदमेलाचे, म्हणजे बोलीत ‘चांदी’चे, भरण आहे ते एका गटात व बाकीचे दुसऱ्या गटात. पारदमेलात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. असा दात तापविल्यास पाऱ्याची विषारी वाफ बाहेर पडते व ती निर्जंतुकपात्राच्या आतील भागात साचून खोलीतही पसरू शकते. शंका आल्यास दात पारदमेलाच्या गटातच धरावा. टोपीखाली पारदमेल असल्याचे वरून दिसत नाही. ही विभागणी संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत निर्णायक पायरी आहे. कारण पुढील दोन मार्ग येथूनच वेगळे होतात.

वाफेने निर्जंतुकीकरण : पारदमेल नसलेल्या दातांसाठी दाबाखालील वाफ हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. दात पाण्यात बुडवून काचेच्या बरणीत ठेवतात, झाकण सैल ठेवतात आणि बरणी वाफदाब निर्जंतुकपात्रात, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, १२१° से. तापमानास ४० मिनिटे ठेवतात. हत्यारांसाठी याच तापमानास सामान्यतः १५ ते २० मिनिटे पुरतात. दातासाठी कालावधी दुप्पट ठेवण्याचे कारण, उष्णता व ओलावा दंतिनाच्या नलिकांतून मगजापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. ४० मिनिटांची गणना पात्रातील तापमान १२१° से. झाल्यापासून करावयाची असते, बटण दाबल्यापासून नव्हे. चक्र संपल्यावर वाफ एकदम सोडल्यास बरणीतील पाणी उसळून बाहेर येते व दातांना तडे जातात. म्हणून पात्र आपोआप थंड होऊ द्यावे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर आहे. तेथे पाणी सु. ९८° से. तापमानास उकळते. नुसत्या उकळण्याने जंतूंचे बीजाणू कोठेच मरत नाहीत, त्यामुळे दात उकळून वापरणे हा मार्ग समुद्रकाठीही अपुरा आहे आणि देशावर किंचित अधिक अपुरा. वाफदाब निर्जंतुकपात्राच्या बाबतीत हा फरक फार थोडा पडतो. दाबमापकावर एका चौरस इंचास १५ पौंड दाब दिसत असताना या उंचीवर वाफेचे तापमान १२१° ऐवजी सु. १२०° से. भरते. तरीही तापमानमापक पाहून प्रक्रिया चालविणे हेच योग्य होय. घरगुती प्रेशर कुकर या कामासाठी वापरू नये. त्यात तापमान मोजण्याची व हवा पूर्णपणे बाहेर काढण्याची सोय नसते. हवा राहिलेल्या भागात दाब पुरेसा असूनही तापमान कमी राहते. पात्र नीट चालते किंवा कसे, हे तपासण्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या अतिशय चिवट जंतूचे बीजाणू असलेल्या पट्ट्या ठरावीक काळाने पात्रात ठेवून नंतर त्या संवर्धित करतात. रंग बदलणारी चिकटपट्टी फक्त उष्णता लागल्याचे दर्शविते. निर्जंतुकतेची ती ग्वाही नव्हे. [⟶ निर्जंतुकीकरण].

वाफेमुळे दंतिनातील कार्बनी द्रव्यात काही फरक पडतो व दाताचा रंगही थोडा पालटू शकतो. मात्र प्रयोगशाळेतील शिक्षणाला बाधा येईल इतका हा फरक नसतो, असे आढळून आले आहे. भरणद्रव्य दंतिनाला किती घट्ट चिकटते यांसारख्या संशोधनासाठी मात्र अशा दातांचा वापर करताना हा बदल लक्षात घ्यावा लागतो.

फॉर्मॅलिनने निर्जंतुकीकरण : पारदमेल असलेले दात १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये दोन आठवडे बुडवून ठेवतात. येथे शब्दार्थाने गोंधळ होण्याचा संभव असतो. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये फॉर्माल्डिहाइड वायूचे प्रमाण ३७ ते ४० टक्के असते. त्याचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग मिसळल्यावर जे मिळते ते १० टक्के फॉर्मॅलिन होय. त्यात प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड सु. ४ टक्केच असते. द्रवाचे घनफळ दातांच्या घनफळाच्या अनेक पट असावे. मधूनच नवा दात त्याच बरणीत टाकल्यास दोन आठवड्यांची गणना त्या दिवसापासून पुन्हा सुरू करावी लागते. म्हणून प्रत्येक तुकडीची बरणी वेगळी ठेवणे सोयीचे असते.

फॉर्माल्डिहाइडामुळे डोळे व घसा चुरचुरतो, कातडीला अधिहर्षता येते आणि दीर्घकालीन संपर्क कर्ककारक असतो. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये त्याचा समावेश मानवात निश्चितपणे कर्ककारक असलेल्या पदार्थांत केला. म्हणून हे काम धूर बाहेर खेचणाऱ्या कपाटात किंवा निदान चांगल्या वायुवीजनाच्या खोलीत करावे. दात वापरण्यापूर्वी वाहत्या पाण्यात चांगला धुवावा व काही काळ स्वच्छ पाण्यात ठेवून ते पाणी बदलावे. फॉर्मॅलिन व विरंजक द्रव एकमेकांत कधीही मिसळू नयेत. फॉर्मॅलिनमुळे दंतिनातील कोलॅजेन हे प्रथिन घट्ट होते. त्यामुळे कोरताना हाताला लागणारा स्पर्श ताज्या दातापेक्षा वेगळा असतो.

इतर पद्धती : अल्कोहॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, पोव्हिडोन आयोडीन व क्वाटर्नरी अमोनियम संयुगे यांनी दाताचा पृष्ठभाग काही अंशी जंतुविरहित होतो, परंतु मगजाची पोकळी निर्जंतुक होत नाही. हत्यारांसाठी वापरले जाणारे २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडही दाताच्या अंतर्भागाबाबत भरवशाचे नाही. एथिलीन ऑक्साइड वायू अनेक वैद्यकीय वस्तूंसाठी उत्तम असला, तरी दातांवरील प्रयोगांत तो अपयशी ठरला. याउलट गॅमा प्रारण दाताच्या आरपार जात असल्यामुळे निर्जंतुकीकरण पूर्ण होते व दंतिनाच्या रचनेत जवळजवळ फरक पडत नाही. संशोधनासाठी ही पद्धत श्रेष्ठ मानतात. वैद्यकीय वस्तू गॅमा प्रारणाने निर्जंतुक करणारे ‘आयसोमेड’ हे केंद्र तुर्भे (मुंबई) येथे १९७४ पासून सुरू झाले. तथापि रोजच्या अध्यापनासाठी एवढा खटाटोप व खर्च परवडण्यासारखा नसतो. अध्यापनासाठी वाफ व फॉर्मॅलिन हे दोनच मार्ग व्यवहारात उरतात.

साठवण व वापर : निर्जंतुक केलेले दात ऊर्ध्वपातित पाण्यात किंवा लवणद्रावात, शक्यतो ४° से. तापमानास शीतकपाटात ठेवतात. या शीतकपाटात अन्नपदार्थ ठेवू नयेत. पाण्यात बुरशी येऊ नये म्हणून ०·१ टक्का थायमॉल घालतात. पावसाळ्यातील दमट हवेत ही काळजी विशेष घ्यावी लागते. पाणी गढूळ दिसल्यास अथवा वास आल्यास ती तुकडी पुन्हा निर्जंतुक करावी. संशोधनासाठीचे दात ०·५ टक्का क्लोरामाइन–टी द्रवात जास्तीत जास्त एक आठवडा ठेवून नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवावेत व ते शक्यतो एका महिन्यात, निदान सहा महिन्यांच्या आत वापरावेत, असा आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा संकेत आहे. निर्जंतुक व अनिर्जंतुक बरण्या एकाच फळीवर ठेवणे टाळावे.

दात निर्जंतुक झाला तरी प्रयोगशाळेत हातमोजे, मुखपट्टी व चष्मा वापरणे आवश्यकच असते. एक तर निर्जंतुकीकरणात चूक राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि दुसरे असे की, सरावात लागलेली सवयच पुढे रुग्णाजवळ कायम राहते. मुळाच्या टोकाला मेणाचा गोळा लावून दात प्लॅस्टरच्या ठोकळ्यात बसवितात. सराव चालू असताना तो ओला ठेवतात. हत्यार लागून जखम झाल्यास जागा साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी. ती दाबून रक्त काढू नये व त्यावर विरंजक लावू नये. घटनेची तत्काळ नोंद करून वैद्यकीय सल्ला घ्यावा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध घ्यावयाचे ठरल्यास ते शक्यतो दोन तासांत व कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. विद्यार्थी भीतीपोटी किंवा रागावले जाईल या धास्तीने अशी जखम लपवितात. ती सांगता यावी असे वातावरण ठेवणे ही शिक्षकांची जबाबदारी असते.

विल्हेवाट : भारतात जैववैद्यकीय कचऱ्याविषयी १९९८ मध्ये प्रथम नियम झाले. त्यांची जागा जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी घेतली. काढलेले दात मानवी शारीर कचरा या सदरात येतात व ते पिवळ्या पिशवीत टाकून सामाईक प्रक्रिया केंद्राकडे भस्मीकरणासाठी पाठवावयाचे असतात. प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठविण्यास नियमांची मनाई आहे. म्हणून शिक्षणासाठी ठेवावयाचे दात काढल्यावर लगेच वेगळे करून त्यांवर प्रक्रिया सुरू करणे नियमांच्या दृष्टीनेही गरजेचे ठरते. पारदमेल असलेला दात मात्र भस्मीकरणासाठी जाणाऱ्या पिशवीत टाकू नये. त्यातील पारा धुरावाटे हवेत जातो. असे दात वेगळ्या बंद डबीत ठेवून पाऱ्याचे पुनःप्रापण करणाऱ्या यंत्रणेकडे सोपविणे योग्य होय. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण ठेवणाऱ्या मिनामाता करारास भारताने २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले आहे. वापरलेले फॉर्मॅलिन २०१६ च्या नियमांनुसार रासायनिक द्रव कचरा ठरते. ते सरळ गटारात ओतल्यास अखेरीस नदीतच जाते. नदीकाठच्या गावांचे पाणी त्याच प्रवाहातून येत असल्यामुळे ही बाब केवळ नियमपालनापुरती मर्यादित राहत नाही.

पर्याय : खऱ्या दाताऐवजी कृत्रिम रेझिनाचे दात बसविलेले जबड्याचे नमुने आता सर्वत्र वापरात आहेत. ते निर्धोक असतात व सर्व विद्यार्थ्यांना एकसारखा दात मिळत असल्यामुळे परीक्षेत तुलना करणे सुलभ होते. त्रिमितीय मुद्रणाने मुळातील वक्र नलिकांचे नमुनेही तयार करता येतात. तथापि दंतवल्काकडून दंतिनाकडे जाताना कोरणीला जाणवणारा मऊपणा, किडलेल्या व निरोगी भागांतील फरक आणि प्रत्येक माणसागणिक बदलणारी मगजाची रचना यांचे शिक्षण कृत्रिम दातातून पूर्णपणे मिळत नाही. म्हणून प्रारंभीचा सराव कृत्रिम दातांवर व पुढचा थोडा पण आवश्यक सराव निर्जंतुक केलेल्या खऱ्या दातांवर, अशी विभागणी सोयीची ठरते. त्यामुळे खऱ्या दातांची गरजही घटते.

ब्राझीलमधील साऊँ पाउलू विद्यापीठासारख्या काही ठिकाणी ‘दंतपेढ्या’ स्थापन झाल्या आहेत. दवाखान्यांकडून संमतीपत्रासह दात स्वीकारणे, ते निर्जंतुक करणे, प्रकारवार साठवणे व नोंद करून विद्यार्थ्यांना देणे हे त्यांचे काम असते. एका महाविद्यालयाला, किंवा जवळपासच्या दोनतीन महाविद्यालयांना मिळून, अशी व्यवस्था उभी करण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. एक निर्जंतुकपात्र, एक शीतकपाट, फॉर्मॅलिनसाठी हवेशीर जागा, नोंदवही व जबाबदार तंत्रज्ञ एवढे पुरते. तिचा मुख्य लाभ असा की, दात गोळा करून तो निर्जंतुक करण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याकडे न राहता संस्थेकडे जाते, आणि विद्यार्थ्याच्या हाती येणाऱ्या प्रत्येक दाताचा पूर्वेतिहास नोंदवहीत सापडतो.